तीन सेन्सबरी आणि तहहयात जागा

ऑक्टोबर १९९७ ते ऑक्टोबर १९९८ या वर्षभरात ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहात, एकाच दुकानदार घराण्यातले तिघे एकाच वेळी सदस्य होते. ॲलन सेन्सबरी, त्यांचा मुलगा जॉन आणि पुतण्या डेव्हिड. तिघांनीही आपापल्या काळात सेन्सबरीज या सुपरमार्केट कंपनीचे अध्यक्षपद सांभाळले. सभागृहातली जागा मात्र तिघांपैकी कोणालाही वारशाने मिळाली नव्हती, आणि मतदारांनीही दिली नव्हती.

त्यांच्या किताबांची नावे पाहिली तर ही गोष्ट कशी घडत गेली ते कळते. ॲलन यांना १९६२ मध्ये मिळालेला किताब असा लिहितात: बॅरन सेन्सबरी, आणि पुढे स्वल्पविराम देऊन, ड्रुरी लेनचे. लंडनच्या ड्रुरी लेनमध्ये १८६९ साली जॉन जेम्स आणि मेरी ॲन सेन्सबरी या नवराबायकोने लोणी, दूध, अंडी विकणारे पहिले दुकान थाटले. त्या गल्लीचे नाव स्वल्पविरामानंतर येते, म्हणजे तो केवळ पत्ता आहे, किताबाचा भाग नाही. त्या वेळी लॉर्ड सेन्सबरी एकच होते, त्यामुळे तेवढे पुरले. १९८९ मध्ये जॉन आले तेव्हा वडील हयात होते आणि नाव घेतले गेले होते. म्हणून जॉन झाले बॅरन सेन्सबरी ऑफ प्रेस्टन कँडोव्हर. हॅम्पशरमधले हे गाव स्वल्पविरामाच्या अलीकडे, थेट किताबात आले. १९९७ मध्ये डेव्हिड यांना बकिंगहॅमशरमधले टर्व्हिल जोडावे लागले. ज्या पद्धतीत एका घरातले उमराव ओळखू यावेत म्हणून गावांची नावे जोडावी लागतात, त्या पद्धतीतून घराणे हद्दपार झाले असे म्हणणे कठीण आहे.

मराठी वाचकाला यातला मूळ भेद चटकन समजेल, कारण आपल्या दप्तरांत तो शतकानुशतके आहे. वतन वंशपरंपरेने चालते. तहहयात इनाम माणसाबरोबर संपते. ब्रिटनमध्ये १९५८ पर्यंत, काही न्यायमूर्ती आणि बिशप सोडले, तर सभागृहातली जागा म्हणजे वतनच होते. १९५८ च्या लाइफ पीरेजेस ॲक्टने तहहयात उमरावकी आणली. दोन्ही पद्धती काही वर्षे शेजारी शेजारी चालल्या, आणि त्यांतला फरक दुकानदारांच्याच उदाहरणाने दाखवता येतो. मार्क्स अँड स्पेन्सरचे सायमन मार्क्स यांना १९६१ मध्ये जुन्या धर्तीची उमरावकी मिळाली. डिसेंबर १९६४ मध्ये ते वारले आणि मुलगा आपोआप लॉर्ड झाला. ॲलन सेन्सबरी यांना वर्षभराने मिळालेली उमरावकी १९९८ मध्ये त्यांच्याबरोबर संपली. योगायोग असा की त्याच १९६२ साली महाराष्ट्रात मुलकी पाटलांचे वंशपरंपरागत पद रद्द करणारा कायदा झाला. पाटीलकी मात्र पूर्ण गेली. ब्रिटनने वतन थांबवले आणि त्या जागी इनाम ठेवले.

त्या १९५८ च्या कायद्यातले पहिले कलम अगदी छोटे आहे, आणि सगळा घोळ त्याच्या दुसऱ्या पोटकलमात आहे. तहहयात उमरावाला दोन हक्क मिळतील असे ते सांगते. (अ) बॅरनचा दर्जा आणि किताब. (ब) हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये हजर राहण्याचे आमंत्रणपत्र, तिथे बसण्याचा आणि मत देण्याचा अधिकार. मग एकच वाक्य: हे मृत्यूने संपेल. (अ) हा सन्मान आहे, (ब) ही नोकरी आहे, आणि दोन्हींच्या मध्ये 'आणि' आहे. माझे म्हणणे या 'आणि'पुरतेच आहे. तो काढून टाकला पाहिजे.

हे दाखवायला बदनाम उदाहरणे घ्यायची गरज नाही. सेन्सबरी घराणे या पद्धतीतले सर्वांत चांगले उदाहरण आहे, म्हणूनच ते घेतले. लायक, कर्तबगार आणि दानशूर माणसे आत येऊनही जे चुकते, ती चूक माणसांची नसून व्यवस्थेची असते.

आधी उमराव बनतो कसा ते पाहू. पंतप्रधान नावे सुचवतात. विरोधी पक्षांच्या वाट्याला किती जागा द्यायच्या तेही तेच ठरवतात. मे २००० पासून एक नियुक्ती आयोग नावांची छाननी करतो. त्यानंतर गार्टर किंग ऑफ आर्म्स या दरबारी अधिकाऱ्याशी बोलून किताबाचे नाव ठरते, राजमुद्रा उठवलेली सनद निघते, आमंत्रणपत्र येते. शेवटी लाल झग्यात, दोन्ही बाजूंना एकेक जुना सदस्य घेऊन, नवा उमराव सभागृहात येतो आणि शपथ घेतो. या साखळीत पंतप्रधानांना खरोखर रोखू शकेल असा दुवा एकही नाही. आयोग फक्त सचोटी तपासतो. उमेदवार कामाला योग्य आहे का, किती दिवस हजर राहील, हे पक्षांनी सुचवलेल्या नावांबाबत त्याने ठरवायचे नसते. शिवाय त्याला कायद्याचा आधार नाही. तो केवळ सल्ला देतो. डिसेंबर २०२० मध्ये बोरिस जॉन्सन यांनी हुजूर पक्षाचे मोठे देणगीदार पीटर क्रडास यांच्याबाबत तो सल्ला पहिल्यांदाच झुगारला, आणि उमरावकी दिली गेली. नियम कोणताही मोडला नाही, कारण मोडायला नियमच नव्हता.

आता ॲलन यांच्याकडे वळू. १९२९, १९३१ आणि १९३५ अशा तीन सार्वत्रिक निवडणुका त्यांनी सडबरी मतदारसंघातून लिबरल पक्षातर्फे लढवल्या आणि तिन्ही हरले. पुढे मजूर पक्षात गेले. १९५० मध्ये क्रॉयडनला सेन्सबरीजचे पहिले सेल्फ-सर्व्हिस दुकान त्यांनीच उघडले आणि ब्रिटिश गिऱ्हाइकाच्या हाती टोपली दिली. हॅरल्ड मॅकमिलन पंतप्रधान असताना ते मजूर पक्षाचे उमराव झाले. ज्या संसदेचे दार मतदारांनी तीनदा उघडले नाही, तिथे ते छत्तीस वर्षे सदस्य राहिले. त्या जागेचे त्यांनी चीज केले यात शंका नाही. पण त्याच घराण्यातले टिम सेन्सबरी, म्हणजे ॲलन यांचाच आणखी एक मुलगा, १९७३ च्या पोटनिवडणुकीत होव्हमधून हुजूर पक्षातर्फे उभे राहिले, निवडून आले आणि १९९७ पर्यंत प्रत्येक निवडणुकीत लोकांपुढे गेले. तेव्हा दुकानदाराच्या मुलाला संसदेत यायला दुसरा रस्ता नव्हता, असे नाही.

ॲलन सदस्य झाले त्याच्या पुढच्याच वर्षी ट्रेडिंग स्टॅम्पांचे युद्ध पेटले. ग्रीन शील्ड कंपनीची पद्धत अशी होती: सहा पेन्सच्या खरेदीवर एक स्टॅम्प, १२८० स्टॅम्प चिकटले की एक पुस्तिका पूर्ण, आणि पुस्तिकांच्या बदल्यात भेटवस्तू. तेव्हा एका पौंडाचे २४० पेन्स होत, म्हणजे एक पुस्तिका भरायला ३२ पौंडांचा बाजार करावा लागे. १९६३ मध्ये टेस्कोने हे स्टॅम्प घेतले, आणि त्यांच्या विरोधात उभ्या राहिलेल्या दुकानदारांचे नेतृत्व ॲलन यांनी केले. त्यांचा युक्तिवाद असा की स्टॅम्पचा खर्च शेवटी मालाच्या भावातच येतो, त्यापेक्षा भाव कमी करावा. मला तो पटतो. १९६४ मध्ये संसदेने कायदा केला: प्रत्येक स्टॅम्पवर त्याची रोख किंमत छापली पाहिजे, आणि गिऱ्हाईक मागेल तर रोख दिली पाहिजे. तोही चांगला होता.

पण जरा थांबून पाहा. बाजारातला एक स्पर्धक मोहीम चालवतो, त्याच विषयावर संसद कायदा करते, आणि त्या संसदेच्या एका सभागृहात हा स्पर्धक सदस्य आहे. दुसरा स्पर्धक नाही. ॲलन यांचे हितसंबंध झाकलेले नव्हते, दुकानाच्या पाटीवरच नाव होते. तरी लॉर्ड्समध्ये हितसंबंधांची नोंदवही सुरू व्हायला १९९५ उजाडले, आणि ती पूर्णपणे सक्तीची झाली २००२ मध्ये. तहहयात सदस्य यायला लागल्यापासून जवळपास चार दशके हे सभागृह सदस्यांच्या सौजन्यावर चालले. सेन्सबरींच्या पाटीवर नाव होते. ज्यांच्या भागभांडवलावर नाव दिसत नाही अशांचे काय?

याच ॲलन यांचे सर्वांत टिकाऊ काम औषधांसंबंधी आहे. राष्ट्रीय आरोग्य सेवा आणि औषध कंपन्या यांच्या संबंधांची चौकशी करणाऱ्या समितीचे ते १९६५ ते १९६७ अध्यक्ष होते. कंपन्यांचा नफा, ब्रँडच्या नावाने वाढवलेल्या किमती, यांवर समितीने नेमके बोट ठेवले आणि औषधांसाठी स्वतंत्र आयोग सुचवला. १९६८ च्या औषध कायद्यामागे ते काम आहे. अशा चौकशी समितीचे अध्यक्ष व्हायला लॉर्ड्समध्ये मताचा अधिकार लागत नाही. व्यापारातली जाण लागते, आणि ती त्यांच्याकडे उमरावकीच्या आधीपासून होती.

जॉन यांची गोष्ट दानाची आहे. १९६९ ते १९९२ ते कंपनीचे अध्यक्ष होते, आणि १९७३ मध्ये कंपनी शेअर बाजारात आली ती त्यांच्याच काळात. सायमन आणि टिम या भावांसोबत त्यांनी लंडनच्या नॅशनल गॅलरीला एक अख्खी नवी इमारत बांधून दिली. सेन्सबरी विंग १९९१ मध्ये उघडली. या इमारतीतली एक गोष्ट अलीकडे उघडकीस आली. तळमजल्याच्या दालनात वास्तुविशारदांनी काही खांब ठेवले होते, ज्यांच्यावर कसलाच भार नव्हता. जॉन यांना ते अजिबात पसंत नव्हते. पण खांब राहिले. तेव्हा १९९० च्या जुलैमध्ये त्यांनी कंपनीच्या कागदावर एक पत्र लिहिले, प्लॅस्टिकच्या पाकिटात घातले आणि बांधकाम चालू असताना एका खांबाच्या आत सोडून दिले. नूतनीकरणासाठी २०२३ मध्ये तो खांब फोडला तेव्हा ते हाती आले. मजकूर असा की हे पत्र तुम्हाला सापडले याचा अर्थ तुम्ही निरुपयोगी खांब पाडता आहात, आणि इमारतीच्या एका देणगीदाराला त्याचा फार आनंद आहे.

मला हे पत्र फार मोलाचे वाटते. इमारतीचे पैसे देणाऱ्या माणसाला काही खांबांबद्दल शेवटचा शब्द मिळाला नाही. त्याने तो हट्टाने घेतलाही नाही. मत लिहिले आणि खांबात ठेवले. पैसे घ्यायचे, दात्याचे नाव दारावर लावायचे, पण निर्णय आपला ठेवायचा, हे एका चित्रसंग्रहालयाला जमले. जॉन यांनी हे पत्र लिहिले तेव्हा त्यांना लॉर्ड होऊन वर्ष झाले होते. खांबाबाबत मत नसलेल्या या माणसाला देशाच्या कायद्यांवर मात्र मरेपर्यंत मत होते. आणि त्यात त्यांचेच नुकसान झाले. कलेसाठी दिलेले दान निखळ होते असे मी मानतो. पण दानाच्या मागेपुढे उमरावकी आली की कोणीही म्हणू शकतो, हे त्याचे मोल. ते सिद्ध करता येत नाही आणि खोडूनही काढता येत नाही. सन्मान आणि जागा एकत्र बांधल्याने स्वच्छ हातावरही शाईचा डाग राहतो.

डेव्हिड यांच्यावर बोलताना दोन्ही बाजू पूर्ण मांडल्या पाहिजेत. जुलै १९९८ ते नोव्हेंबर २००६, आठ वर्षांहून जास्त काळ ते विज्ञानमंत्री होते, पगार न घेता. मंत्री होताना कंपनीचे अध्यक्षपद सोडले, शेअर्स ब्लाइंड ट्रस्टमध्ये, म्हणजे काय विकले-घेतले ते मालकाला कळत नाही अशा न्यासात, ठेवले. त्या काळात विज्ञानावरचा सरकारी खर्च झपाट्याने वाढला आणि ब्रिटिश संशोधकांत त्यांचे नाव आजही आदराने घेतले जाते. १९६७ मध्ये त्यांनी स्थापलेल्या गॅट्सबी न्यासाने वनस्पतिविज्ञान, मेंदूसंशोधन, तांत्रिक शिक्षण यांना दिलेला पैसा प्रचंड आहे. लॉर्ड्समध्ये जागा नसती तर ते मंत्री झाले नसते, कारण मंत्री दोनपैकी एका सभागृहाचा सदस्य असावा असा तिथला संकेत आहे.

दुसरी बाजू अशी. ते मजूर पक्षाचे सर्वांत मोठ्या देणगीदारांपैकी एक होते, उमराव होण्याआधीही आणि मंत्री असतानाही. त्या काळच्या कायद्याने ५,००० पौंडांवरच्या देणग्या जाहीर करणे सक्तीचे होते, पण बाजारभावाच्या व्याजाने घेतलेले कर्ज जाहीर करावे लागत नव्हते. ही फट पक्षाने वापरली. २००५ च्या निवडणुकीआधी मजूर पक्षाने श्रीमंत समर्थकांकडून सुमारे १ कोटी ४० लाख पौंड गुपचूप कर्जाऊ घेतले, आणि कर्ज देणाऱ्यांपैकी काहींची नावे पुढे उमरावकीसाठी गेली. आयोगाने ती अडवल्यावर २००६ मध्ये प्रकरण फुटले. डेव्हिड आधीच उमराव होते. त्यांचे कर्ज २० लाख पौंडांचे होते. आपल्या खात्याच्या वरिष्ठ सचिवांना हे सांगितले होते असे ते म्हणाले, पण तसे झालेले नव्हते. त्यांनी चूक मान्य करून जाहीर माफी मागितली. पोलिस तपासानंतर जुलै २००७ मध्ये कोणावरही खटला न भरण्याचा निर्णय झाला.

खटला का उभा राहिला नाही, हे समजून घेण्यासारखे आहे. उमरावक्यांची विक्री हा १९२५ पासून गुन्हा आहे. पंतप्रधान लॉइड जॉर्ज यांच्या काळात नाइटहूडला १०,००० पौंड आणि उमरावकीला ५०,००० पासून पुढे, असे भाव उघड बोलले जात. त्या संतापातून कायदा झाला. आजवर त्याखाली शिक्षा झाली ती एकाच माणसाला, दलाल मॉन्डी ग्रेगरी यांना, १९३३ मध्ये. कारण या कायद्याला स्पष्ट सौदा लागतो: एवढे द्या, मग ते मिळेल. शहाणी माणसे असे बोलत नाहीत. एक देणगी देतो, दुसरा वर्षभराने नाव सुचवतो, दोघांमध्ये एक शब्दही होत नाही. त्यामुळे सौदा पकडण्याच्या मागे लागणे व्यर्थ आहे. सौद्याला वावच राहणार नाही, अशी रचना करावी लागते.

तिघांचे पक्ष वेगळे होते, हा बचाव मी अनेकदा ऐकला आहे. ॲलन मजूर पक्षाचे आणि १९८१ नंतर सोशल डेमोक्रॅट, जॉन हुजूर, डेव्हिड मजूर. म्हणजे पक्षपात नाही. मला उलट यातच खरे दुखणे दिसते. सरकारे बदलली, तत्त्वे बदलली, आणि प्रत्येक पक्षाला त्याच दुकानाच्या पेढीवर आपला माणूस सापडला. असे दुसरीकडेही झाले. मार्क्स अँड स्पेन्सरचे इस्रायल सीफ १९६६ मध्ये आणि त्यांचे पुत्र मार्कस १९८० मध्ये उमराव झाले. डेव्हिड वुल्फसन १९९१ मध्ये, आणि नेक्स्ट कंपनीचे प्रमुख असलेले त्यांचे पुत्र सायमन २०१० मध्ये. यातला प्रत्येक जण आपल्या धंद्यात मोठा होता. पण वतन बंद केल्यावरही बापलेक एकामागून एक त्याच बाकावर येत असतील, तर दाराची फळी बदलली, चौकट तीच राहिली.

आपल्याकडे राज्यघटनेने १८ व्या कलमात किताब बंद केले आणि नियुक्त सदस्य ठेवले: राज्यसभेत १२, महाराष्ट्राच्या विधान परिषदेतही १२. या जागांवरून आपल्याकडे काय काय होते ते वाचकांना सांगायला नको. मागच्या दाराने येणे हा शब्दप्रयोग त्यासाठी सर्रास होतो. तरी एक गोष्ट आपल्या घटनाकारांनी नीट केली. सन्मान वेगळा, जागा वेगळी, आणि जागेची मुदत सहा वर्षे.

ब्रिटनमध्ये मुदतीचा विचार नवा नाही. ऑक्टोबर २०१७ मध्ये लॉर्ड बर्न्स यांच्या समितीने ६०० सदस्यांची मर्यादा आणि १५ वर्षांची मुदत सुचवली. स्वेच्छेने निवृत्त होण्याची सोयदेखील कायद्यात २०१४ मध्ये आली. त्याआधी सदस्यत्व कायमचे सोडायला सहसा मरणच लागत होते. सप्टेंबर २०२४ मध्ये उरलेल्या वंशपरंपरागत सदस्यांना काढणारे विधेयक आले, ते रास्तच होते. पण ते सदस्य गेल्यावर सभागृह जवळजवळ पूर्ण पंतप्रधानांच्या यादीतून भरणार, म्हणजे १९५८ च्या त्या 'आणि'चे वजन आणखी वाढणार.

सगळे सभागृह निवडून द्यावे, असे मला वाटत नाही. दुसऱ्या सभागृहाचे काम कलमवार तपासणीचे आहे. तिथे औषधांचे, शेतीचे, किराणा पुरवठ्याचे जाणकार हवेतच. बदल एवढाच हवा. पोटकलमातला (अ) राजाकडे राहू द्या: किताब, झगा, गावाचे नाव, स्वल्पविरामासकट, ज्याला द्यायचे त्याला द्या. (ब) मात्र कायद्याने स्थापलेल्या आयोगाकडे द्या, ज्याचा नकार पंतप्रधानांना मोडता येणार नाही आणि जो सचोटीबरोबर योग्यताही तपासेल. जागा १५ वर्षांची, पुन्हा नाही. आणि नियुक्तीआधी पाच वर्षे व सदस्यत्वाचा सगळा काळ कोणत्याही पक्षाला जाहीर करावी लागेल एवढी देणगी किंवा कर्ज द्यायचे नाही. २०२४ पासून ती मर्यादा ११,१८० पौंड आहे. त्याखाली कोणीही वर्गणी देऊ शकतो.

याने चांगली माणसे दुरावतील, हा आक्षेप मला गंभीर वाटतो, म्हणून तो याच तिघांवर तपासून पाहतो. ॲलन १९७७ मध्ये बाहेर पडले असते. स्टॅम्प आणि औषधे दोन्ही कामे त्याआधीच झालेली. जॉन यांची मुदत २००४ ला संपली असती, आणि गॅलरीची इमारत तशीच उभी राहिली असती. डेव्हिड यांना १९९७ मध्ये ठरवावे लागले असते की पक्षाला पैसा द्यायचा की विज्ञानाला वेळ द्यायचा. वेळ द्यायचे ठरवते, तर पाच वर्षे हात आखडता घेऊन थोड्या उशिरा आले असते. पण मंत्रिपदाची आठ वर्षे १५ च्या मुदतीत सहज बसतात, आणि तांत्रिक शिक्षणाच्या फेररचनेसाठी २०१६ मध्ये अहवाल देणाऱ्या ज्या समितीचे ते अध्यक्ष होते, तिच्यासाठी लॉर्ड्समधल्या मताची गरज नव्हतीच. २०१९ मध्ये त्यांनी लिबरल डेमोक्रॅट पक्षाला ८० लाख पौंड दिले. तेही त्यांना खुशाल देता आले असते, सभागृहाबाहेरचा एक नागरिक म्हणून.